तळ्यातून आलेला होकार

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. कारण या मूर्खपणात माझा नाशिकचा प्लॉट गेला, आणि तोही एका माशापायी!

तेव्हा आम्ही इंग्लंडात, ब्रॅकनेलला राहायचो. मी एका कॉम्प्युटर कंपनीत. शेजारी टेड, रिटायर्ड पोस्टमन, एकटा जीव. त्याच्या बागेच्या टोकाला, ओकच्या झाडांत दडलेलं त्याचं स्वतःचं तळं. तळं कसलं, मंगल कार्यालयाच्या हॉलएवढं. पण त्यात एक कार्प मासा होता, टेडने नऊ वर्षं वाढवलेला. लोक मुलांचे मार्क सांगतात तसा टेड त्याचं वजन सांगायचा.

"मासा मोठा करायचा तर गर्दी कमी करायची," हे टेडचं तत्त्वज्ञान. म्हणून रोज सकाळी जाळीने चिल्लर मासळी काढायची आणि पलीकडच्या शेतकऱ्याच्या डबक्यात सोडून यायची. सोडायची हं, खायची नाही! बादलीभर ताजी मासळी सोडून देताना माझा जीव कसा व्हायचा ते मलाच ठाऊक.

त्या ऑक्टोबरात टेड कंबरेच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे हॉस्पिटलात गेला आणि तळं माझ्यावर सोपवून गेला. जाताना बोट रोखून म्हणाला, "स्मॉल वन्स आउट. नथिंग एल्स गोज इन. ओके?"

"आणि तो मोठा?"

"तो दिसणार नाही तुला. माझ्याशिवाय कुणाला तोंड दाखवत नाही तो."

दुसऱ्याच दिवशी नाशिकहून फोन आला. बाबा गेले.

फोन धाकट्या भावाचा, अनंताचा. दोन वाक्यं बोलला आणि ठेवला. बाबांच्या प्लॉटवरून तीन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मी म्हणायचो माझा, तो म्हणायचा त्याचा. मी गेलो नाही. घरी सांगितलं, तिकीट मिळत नाही. खोटं कशाला बोलू? अनंताचं तोंड बघायचं नव्हतं. ते मला आजही लागतं.

दहाव्या दिवशी सुनंदाने, म्हणजे आमच्या हिने, पहाटे उठून भात लावला. काळे तीळ घातले, पिंड वळले, स्टीलच्या डब्यात भरले.

"अहो, थोरले तुम्ही. तिकडे अनंतभावजी करतीलच, पण तुम्हीही ठेवा. टेडच्या तळ्यावर कावळे असतात."

गेलो. साडेसात वाजले असतील. धुकं इतकं की तळं कुठे संपतं ते कळेना. पाणी काळंभोर, हलेना. वर कुठेतरी कावळा ओरडत होता, पण दिसत नव्हता. काठावरून पाण्यात जाणाऱ्या फळ्या होत्या, शेवटची अर्धी बुडालेली. तिच्यावर पिंड ठेवला आणि हात जोडून उभा राहिलो.

कावळा काही येईना. आता तुम्हाला माहितीच आहे, कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिलीय.

"बाबा, सिगारेट सोडतो."

शांत.

"आईला दर रविवारी फोन करीन."

वरचा कावळासुद्धा गप्प झाला. एक पान गळालं, त्याचाही आवाज आला. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायला लागलं. मला घाम फुटला हो, त्या थंडीत!

शेवटी ओरडलोच, "बाबा, प्लॉट अनंताचा! झालं समाधान?" आणि तिरमिरीत डब्याचं झाकण फळीवर आपटलं. खण्ण!

पाणी फुगलं. खालून काहीतरी सरकत आलं, सावकाश, थेट माझ्याकडे. मग एक तोंड वर आलं. पांढरं, जाड ओठांचं. आणि दोन्ही बाजूंना मिशा! चुप्प असा आवाज झाला, पिंड नाहीसा. एक गोल डोळा माझ्याकडे बघत बघत खाली गेला.

तुम्ही म्हणाल, अरे, कार्प होता तो! मलाही कळत होतं. पण दहा-बारा दिवसांत न दिसलेला मासा नेमका प्लॉटचं नाव काढल्यावर का यावा? आणि बाबांच्या मिशा तुम्ही पाहिल्या नाहीत, मी पाहिल्यात.

धावत घरी आलो, नाशिकला फोन लावला. "अनंता, प्लॉट तुझा. बाबांनी स्वतः येऊन सांगितलं."

बराच वेळ नुसती खरखर. मग तो जड आवाजात म्हणाला, "बरं, दादा."

आणि खरं सांगू? तीन वर्षांचं ओझं उतरलं. मी फोनपाशी बसून रडलो.

इथं थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण मला चटक लागली! रोज सकाळी डब्यात भात घेऊन तळ्यावर. प्रश्न विचारायचा, झाकण आपटायचं, धुक्यातून मिशा वर.

"बाबा, स्टॅनमोरला घर घेऊ?" खण्ण. चुप्प. "नवी गाडी?" खण्ण. चुप्प.

सुनंदा म्हणाली, "अहो, नकार येतो का कधी?"

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. हयातीत ज्यांनी मला साध्या सायकलला होकार दिला नाही, ते बाबा गाडीला हो म्हणतील?

दहा दिवसांनी टेड कुबड्या घेऊन परतला. मला तळ्यावर घेऊन गेला, खिशातून पत्र्याचा डबा काढला आणि कुबडीने वाजवला. खण्ण.

मिशा वर आल्या.

टेड खुशीत म्हणाला, "नऊ वर्षांची सवय आहे. डबा वाजला की साहेब हजर!" मग वाकून बघायला लागला. "याचं पोट असं का? काय घातलंस तू?"

"राइस."

"राइस? का?"

"मी... वडिलांशी बोलत होतो."

टेडने माझ्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं. "राइट," म्हणाला. "चल, चहा टाकतो."

दिलेला शब्द फिरवायची माझी हिंमत झाली नाही. दोन वर्षांनी नाशिकला गेलो तर प्लॉटवर अनंताचा बंगला उभा. त्याच्या व्हरांड्यात चहा पिताना तो एकदम म्हणाला, "दादा, एक सांगायचं राहिलंय. दहाव्याला इथे कावळा दोन तास शिवेना. शेवटी मी म्हणालो, बाबा, प्लॉट दादाचा. तर लगेच शिवला! तुला कळवायचं म्हणून घरात शिरतो, तर तुझाच फोन वाजत होता."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तू म्हणालास, बाबांनी स्वतः येऊन सांगितलं. त्यावर मी काय बोलणार?" त्याने माझ्या बशीत अजून एक बिस्कीट ठेवलं. "पण काय रे, तिकडे विलायतेत पिंडाला शिवायला कावळे मिळतात?"

मी चहाचा मोठा घोट घेतला.

"मिळतात," म्हणालो. "तिकडचे जरा मोठे असतात."