जोडावरच्या काड्या

वन्सं कॉलेजात गणित शिकवत आणि घरी टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून बसत. "आमच्या वन्सं दिवसभर काड्या करतात, पण त्रास कुणाला नाही हो," वहिनी आल्यागेल्याला सांगायची. वन्संही हसायच्या. भावाच्या घरात एका खोलीवर राहायचं म्हणजे हसावंच लागतं.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. क्ष, य अशी काही अक्षरं घ्यायची आणि ठरलेल्या नियमानं एकेक बदलत जायचं. दहा-बारा पायऱ्यांत आकडेमोड कागदात मावेनाशी होते. त्याऐवजी चौकोनांची पट्टी आखायची आणि कडांवर काड्या अशा ठेवायच्या, की प्रत्येक कोपऱ्याला एकच काडी लागेल. जितक्या मांडण्या तितकी पदं, सगळी मिळवली की हवी ती राशी तयार. वन्संनी पट्टीची टोकं जोडून कडं केलं होतं, आणि तिथंही हीच रीत चालते असा त्यांचा लेख होता. पण वर्ष उलटलं तरी उत्तर जुळेना. काड्यांची पदं जास्तच भरायची.

हे कळणारा माणूस एकच. त्यांचे म्हातारे सर, दूरच्या शहरात, एकटे. दर रविवारी सकाळी वन्सं फोन करायच्या आणि सर म्हणायचे, "पुन्हा बघ." हा फोन थांबला तर आपलं बोलणं ऐकणारं जगात कुणी नाही, हे वन्संना ठाऊक होतं.

शेवटी त्यांनी लाज वाटेल इतकं लहान कडं घेतलं, दोन चौकोनांचं. इतकं सोपं कोण करून बघतं? तीन पदं हवी होती, आली पाच. आणि मग दिसलं. पट्टीची टोकं जिथं जोडली, त्या जोडाच्या एका कोपऱ्याची काडी डावीकडे जात होती, दुसऱ्याची उजवीकडे. अशा मांडण्या बाद करायच्या असतात. वन्सं त्या मोजत बसल्या होत्या.

रविवारची वाट न बघता त्यांनी फोन लावला.

"हो, जोडावरच चुकत होतीस," सर म्हणाले. "मला मागच्या वर्षीच दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर लेख संपला असता गं. मग फोन कशाला केला असतास?"

वन्संनी फोन आपटला. वर्ष फुकट घालवलं आपलं! त्या संतापानं रडल्या, आणि तीन दिवसांत लेख पुरा करून छापायला पाठवूनही दिला.

रविवार आला. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुपार टळेपर्यंत वन्सं खोलीत येरझाऱ्या घालत राहिल्या, मग त्यांनी नंबर फिरवला.

"सर, जेवलात का?" इतक्या वर्षांत हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

"नाही अजून. एकट्यासाठी कुठं मांडत बसू?"

"मीही नाही," वन्सं म्हणाल्या. वहिनीनं त्यांचं ताट केव्हाच घासून ठेवलं होतं. "वाढून घ्या तुम्ही. मी आहे फोनवर."