मी 'येतो' असे लिहिले होते

गेल्या रविवारी नेरूळला घरी सकाळची पूजा आटोपून मोबाईल हाती घेतला, तर माधवरावांचा संदेश आला होता. दोनच शब्द... "वाट पाहिली."

माधवराव माझे वीस वर्षांचे सहवाचक. दर शनिवारी चार वाजता आमच्या सोसायटीच्या मंदिरात आम्ही दोघे आळीपाळीने पोथी वाचत असू. ते मुलाकडे खारघरला राहायला गेले, तरी त्यांचा शनिवार चुकला नाही. चुकला तो माझ्यामुळे.

अकरा महिन्यांपूर्वी वाचताना त्यांच्या तोंडून 'सकल'चे 'शकल' झाले. सकल म्हणजे संपूर्ण, शकल म्हणजे तुकडा. जन्मभर संस्कृत शिकवलेल्या मला राहवले नाही... भरल्या सभामंडपात मी त्यांना थांबवले आणि ती ओळ पुन्हा म्हणायला लावली. पुन्हा 'शकल'च आले. मागे कोणीतरी हसले.

त्यांनी आपली पोथी मिटून माझ्यापुढे ठेवली आणि निघून गेले. पुन्हा आले नाहीत. मीही फोन केला नाही. शुद्धतेचा आग्रह धरणे हा काही अपराध नव्हे, अशी मनाची समजूत घालत राहिलो.

शेवटी गेल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मीच लिहिले, "आता आपले वाचन थांबवावे म्हणतो. आपली पोथी आपल्याला पोचती होईल. प्रकृतीस जपावे. येतो."

तो माझा निरोप होता. आपल्यात निघताना 'जातो' कोणी म्हणत नाही. म्हणून जड मनाने, पण रीतीला धरून, 'येतो' लिहिले. आणि त्यावर हे उत्तर! पोथी परत मिळण्याची एवढी घाई? मला खरोखर राग आला.

माझी नात मुक्ता कॉलेजात संवादशास्त्र शिकते. परीक्षेमुळे सध्या आमचे जेवणाचे टेबल बाणांच्या आकृत्यांनी भरलेले असते... सेंडर, मेसेज, चॅनल, रिसीव्हर, उलट दिशेने फीडबॅक आणि मध्ये कुठेतरी अडथळा आणणारा नॉईज. मी तिला मोठ्या अभिमानाने सांगितले होते, की आपल्या शास्त्रकारांनी याचा विचार केव्हाच करून ठेवला आहे. वाक्याचा अर्थ कळायला शब्दांत आकांक्षा हवी, योग्यता हवी आणि सन्निधी हवी. म्हणजे एकाला दुसऱ्याची ओढ, दोघांचा मेळ आणि दोघांची जवळीक.

तिला मी दोन्ही संदेश दाखवले. तिने कपाळावर हात मारला.

"आजोबा, तुम्ही 'येतो' लिहिलंय! ते बिचारे काल तुमची वाट बघत बसले असणार."

"अगं, तो निरोपाचा 'येतो' आहे."

"दारात चपला घालताना म्हटला तर निरोपाचा. व्हॉट्सॲपवर चपला दिसतात का?" मग म्हणाली, "आणि तुमची ती सन्निधी फक्त शब्दांनाच लागते? माणसांना नको?"

मी पोथी बासनात बांधली आणि दुपारी तिच्याबरोबर रिक्षाने खारघर गाठले.

इमारतीच्या गेटवर जवळच्याच गावातले एक वॉचमन होते. मी माधवरावांचे नाव सांगताच म्हणाले, "नेरूळचे शास्त्रीबुवा तुमीच काय? बाबा काल चारपासून हितं खुर्ची टाकून बसलेले. पावना येनार हाय म्हनत. काळोख पडला तवा वर गेले."

त्यांनी आदल्या दिवशीचे रजिस्टर दाखवले. माधवरावांच्या वळणदार अक्षरात माझे नाव आधीच लिहिलेले होते. येण्याची वेळ, चार. जाण्याची वेळ, रिकामी... माझ्याच्याने पुढे वाचवेना.

दार माधवरावांनीच उघडले. "या शास्त्रीबुवा! एक दिवस उशीर झालाय, पण तुमच्या व्याकरणात चालत असेल."

मी आधी त्या दिवसाबद्दल क्षमा मागितली. सर्वांसमोर चूक काढायला नको होती, म्हणालो.

"चूक कसली हो! त्याच सकाळी नवी कवळी बसवली होती. 'स' म्हणायला जावं, तर नुसती हवा निसटायची."

"नॉईज," मुक्ता पुटपुटली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारले.

"भर मंदिरात सांगू, की मला आजच दात आलेत म्हणून?"

तिघेही हसलो. पण खोटेपणा ठेवून पुढे कसे बोलणार? मी सांगून टाकले, की तो 'येतो' भेटीचा नव्हता... मी निरोप घेत होतो.

त्यांनी माझ्या हातातले बासन घेतले. मग म्हणाले, "निरोपच घ्यायचा होता, तर 'जातो' लिहायचंत. ते काही तुम्हाला लिहवलं नाही."

बासन त्यांनीच सोडले. अकरा महिन्यांपूर्वी जिथे थांबलो होतो, तीच ओळ काढून वाचली. 'सकल' असा काही स्वच्छ उमटला, की चष्म्यावरून माझ्याकडे पाहण्याचा मोह त्यांना आवरला नाही.

वक्त्याचे तात्पर्य प्रमाण मानावे, असे मी आयुष्यभर शिकवत आलो. परंतु माझ्या मनातले माझ्यापेक्षा माझ्या श्रोत्याला अधिक शुद्ध कळले होते. असा श्रोता देवाने मला दिला, याबद्दल त्याचे उपकार कसे मानू...

निघताना गेटवर रजिस्टर पुढे आले. जाण्याच्या रकान्यात मी काय लिहिले ते पाहून वॉचमन म्हणाले, "बाबा, हितं टाइम लिवायचा असतो."

मी 'येतो'च्या पुढे लिहिले... शनिवारी, चार वाजता.