घरटी एक माणूस

बांधाला पडलेली ती खांड मी पाहिली होती. मुठीएवढी असताना पाहिली होती. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्या सरूवहिनी गेल्या महिन्यात गेल्या. गावाकडच्या हमीदभाईंचा फोन आला तेव्हा मी माणगावच्या बाजारात पिशवी घेऊन उभा होतो. "भाभी गेली," एवढंच ते म्हणाले. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, सुटलो... आता सांगावं लागणार नाही. त्या सुटकेची लाज वाटली म्हणून हे लिहितो आहे.

आमचं गाव म्हसळ्याच्या बाजूला, खाडीच्या काठी. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध. बांधाच्या आतल्या शेताला आम्ही खार म्हणतो. बांधाला एक दार आहे, त्याचं नाव उघाडी. ओहोटीला उघाडीच्या फळ्या काढून शेतात साचलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला फळ्या घालून समुद्र बाहेर ठेवायचा. बांध फुटला की 'खांड गेली' म्हणतात. खांड ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने ओरडायचं, आणि ती हाक ऐकली की घरटी एक माणूस बांधावर निघायचा, असा गावाचा जुना रिवाज. घरात भांडण असो, पाहुणे असोत, जेवणाचं ताट वाढलेलं असो... निघायचा. पुढे सरकारी बांध झाला, ठेकेदार आले, आणि हाक ऐकून न उठण्याची सवय गावाला हळूहळू लागली.

सरूवहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, गोविंददादाची बायको. उघाडी दादाकडे होती. तो गेल्यावर ती वहिनींनी सांभाळली. "बाईमाणसाला जमेल का?" असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "भरती काय बाप्याला इचारून येते?" बोलणं असं तिखट, आवाज बांधाच्या या टोकावरून त्या टोकाला जाईल असा. मी नेमका उलटा. घरात मला 'मुका' म्हणत.

माणगावात एका कंपनीच्या जमीन खरेदीच्या ऑफिसात मला नोकरी लागली तेव्हा हे मुकेपण उपयोगी पडलं. कंपनीला खाडीकाठी बंगल्यांची वसाहत करायची होती. आमच्या ऑफिसात एक शब्द फार चालायचा, 'मोकळी'. माणसं, गुरं, भात, कोळंबी, पायवाट असलेली जमीन 'अडकलेली'. यातलं काहीही नसलेली जमीन 'मोकळी'. साहेब एकदा चहा पिता पिता म्हणाले, "तुमच्या गावची खार दोन-तीन पावसाळे खारट राहिली ना, तर आपोआप मोकळी होईल." मला उद्देशूनसुद्धा म्हणाले नव्हते. त्याच सुमारास मला नोकरीत कायम करायचं चाललं होतं.

मग ती श्रावणातली अमावास्या. सुट्टीला गावी येताना मी नेहमीप्रमाणे बांधावरून चालत होतो. ऐन दुपार, उधाण चढत आलेलं. उघाडीच्या थोडं अलीकडे खेकड्याच्या बिळातून पाणी आत येताना दिसलं. उघाडीच्या फळ्या नीट घातलेल्या होत्या, त्याही मी पाहिल्या. बिळात पेंढ्याचा बोळा आणि चार ओंजळी चिखल कोंबला असता तर काम झालं असतं. निदान ओरडलो असतो तरी. मी उभा राहिलो. साहेबांचं वाक्य आठवलं. मग मी घरी जाऊन जेवलो. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी लाच दिली नव्हती. हेच जमिनीच्या त्या व्यवहाराचं कसब आहे असं आता वाटतं. त्याला हुकूम द्यावाच लागत नाही. माणसाची भाकरी आणि माणसाचं गाव तो समोरासमोर उभं करतो आणि बाजूला होऊन बघतो.

लोक धावले तेव्हा खांड बैलगाडी जाईल एवढी झाली होती आणि उघाडीही उखडून वाहून गेली होती. पोटरीला आलेलं भात पिवळं पडून जळलं. पुढच्या उन्हाळ्यात वरच्या आळीच्या विहिरीसुद्धा मचूळ झाल्या. माणसं एकेक करून जमीन विकायला आली आणि त्यांची कागदपत्रं मीच जुळवली. कंपनीने खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी खेळणाऱ्या दलदलीत, लाल माती ओतली, कांदळाची झाडं गुदमरून वाळली, ओहोळाचं तोंड बुजलं, खाडीतल्या खेकड्यांच्या चिंबोऱ्या दिसेनाशा झाल्या. ज्यांनी जमीन विकली त्यांची मुलं तिथेच गेटवर शिट्टी गळ्यात अडकवून उभी राहिली आणि गावच्याच बायकांना "इकडून जाता येणार नाही" म्हणू लागली.

दोष मात्र सरूवहिनींवर आला. फळ्या घालायला विसरली, दुसरं काय! देवळासमोर सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, "मी फळ्या घातल्या व्हत्या." कुणी मानलं नाही. मी तिथे खांबाला टेकून उभा होतो.

दुसरी कुणी असती तर माहेरी निघून गेली असती. वहिनी दारोदार फिरल्या. ज्यांची खारात जमीन होती त्यांच्याकडे तर गेल्याच, पण ज्यांना कधीच कुणी बोलावलं नव्हतं त्यांच्याकडेही गेल्या, बौद्धवाडीत, मोहल्ल्यात. हमीदभाई दारात उभे राहून म्हणाले, "भाभी, खारात माझी वीतभर जमीन न्हाय. मी का म्हून चिखल उचलू?"

"जमीन न्हाय, पर च्या पिता ना? कसा लागतो?"

"खारट."

"मग या टोपलं घेऊन."

हमीदभाई हसले आणि दगड वाहायला होडीच घेऊन आले. पण वहिनींना ठाऊक होतं की नुसत्या हसण्यावर माणसं पुन्हा पुन्हा येत नाहीत. उघाडीच्या तोंडाशी मिळणाऱ्या मासळीचा दरवर्षी लिलाव व्हायचा, बाहेरचा ठेकेदार घ्यायचा. त्यांनी ग्रामसभेत भांडून तो बंद पाडला. बांधावर येणाऱ्या प्रत्येक घराला मासळीची पाळी, मग खारात जमीन असो वा नसो. एकाने टोमणा मारला, "सरू, तू आता कलेक्टर झालीस काय?" त्या म्हणाल्या, "व्हय, आन् तू चिखलात उतर, तुला तलाठी करते." बांध पुन्हा उभा राहिला. दोन पावसाळ्यांनी मीठ धुऊन काढलं, मग लाल राता, खाऱ्या जमिनीत तगणारा भात, रुजला. उरलेली खार विकायची नाही, विकायची पाळीच आली तर आधी गावाला विचारायचं, असं ग्रामसभेत ठरलं. कंपनीची माणसं अजून येतात, चहा पितात आणि परत जातात.

या साऱ्यात माझ्या घरचा माणूस कधी गेला नाही. वडील थकलेले, आणि मी 'नोकरीमुळे' अडकलेला. वहिनी भेटल्या की हसत सुनावायच्या, "भावजी, तुमच्या घरचा मानूस बाकी हाय हां." गेल्या वर्षी कंपनीने माणगावचं ऑफिस गुंडाळलं. साहेब हात मिळवून म्हणाले, "आता तुम्ही मोकळे."

शेवटची भेट उघाडीवरच झाली. वहिनी दगडावर बसून मिश्री लावत होत्या. मी म्हटलं, "या वर्षी येतो वहिनी, नक्की."

"तुमी येतो म्हनलात की मला आपली दुपारची एसटी आठवते," त्या म्हणाल्या. मग खाडीकडे बघत, हळू आवाजात, त्यांना न शोभणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "भावजी, एक इचारू? मी फळ्या घातल्या व्हत्या असं मी जल्मभर बोलले. आता म्हातारपनी वाटतं... खरंच इसरले असन का?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या वहिनी, जुनी गोष्ट."

त्यांना कधी माझा संशय आला असेल का? नसावा. आला असता तर त्यांनी तोंडावर विचारलं असतं, एवढं मी त्यांना ओळखत होतो.

खांड गेल्यापासून वहिनींची एक सवय होती. फळ्या घातल्या की उघाडीशेजारच्या काठीला आपल्या जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी बांधायच्या, म्हणजे साऱ्या गावाला लांबून दिसावं. फळ्या काढल्या की सोडायच्या. परवा गेलो तेव्हा भरती होती आणि चिंधी बांधलेली होती. आता ज्या घराची पाळी असेल ते घर ती बांधतं. काठीवर विटकी चिंधी फडफडत होती, ती बघत मी तिथेच उभा राहिलो. एका बाईला तिचं खरं जन्मभर असं टांगून दाखवावं लागलं, माझ्यामुळे.

येत्या अमावास्येआधी बांधाला माती चढवायची आहे. सगळी घरं जमतील. पहिलं टोपलं उचलायच्या आधी मी तोंडाने सांगणार आहे, की फळ्या घातलेल्या होत्या, मी पाहिल्या होत्या, खांडही पाहिली होती, आणि ओरडलो नाही. हाकलतील कदाचित. हाकललं तरी माती टाकूनच जाईन, आणि पुढच्या उधाणाला पुन्हा येईन.

सरूवहिनींच्या गावाला मी दोनच गोष्टी देणं लागतो. एक हाक, आणि माझ्या घरचा एक माणूस.