एटापल्लीत राहिलेली मिशी

बल्लारपूरच्या फलाटावर उतरलो आणि पहिला दिसला तो साडूचा गाल. मी पुण्याहून दोन गाड्या बदलून आलेलो, हनुवटीवर खुंट वाढलेले, आणि समोर वसंतराव, मिशी पिळदार आणि गाल नुकत्याच सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखे तुकतुकीत.

"या साडभाऊ!" त्यांनी माझी पिशवी ओढून घेतली. (इकडे साडूला साडभाऊ म्हणतात.)

खरं सांगून टाकतो, या माणसावर मी जळतो. ते माझ्या मेहुणीचे, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. लग्नाला सहा वर्षं झाली आणि सहाही वर्षं बायको मला त्यांच्या दाढीचे दाखले देते आहे. आता ती सिंदेवाहीला माहेरी होती. सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, साठी तीन दिवसांवर आली होती. त्या दिवशी सगळ्या गोतावळ्यासमोर या माणसाच्या शेजारी उभं राहून एकदा तरी त्याच्याइतकं नीटनेटकं दिसायचं, असं मी गाडीतच ठरवलं होतं.

वसंतराव बांबूच्या एका कंत्राटदाराकडे देखरेखीला होते. त्यांचं एटापल्लीला दोन दिवसांचं काम होतं. "जंगल पाह्यचं असन तं चला," म्हणाले. जीप आष्टी, आलापल्ली करत निघाली. आलापल्लीच्या पुढे साग इतका दाट की भर दुपारी उन्हाचे फक्त तुकडे रस्त्यावर पडत होते. मोहाच्या झाडाखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. वसंतराव प्रत्येकीला नावानं हाक मारत, आणि प्रत्येकी हसून उत्तर देई. मला शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसांचीही नावं धड ठाऊक नाहीत. तेही मनात टोचलंच.

एटापल्लीच्या विश्रामगृहात उतरलो. रात्री भात आणि अंबाडीची भाजी, सकाळी चौकीदारानं दिलेला जावा (तांदळाच्या कण्यांची आंबूस पेज). पेज झकास होती. पण तिसऱ्या दिवशी, सिंदेवाहीला निघायच्या सकाळी, पिशवी उपसली तर माझी साबणाची वाटी, ब्रश आणि वजनदार लोखंडी रेझर, सगळं बल्लारपूरला वसंतरावांच्या न्हाणीतच राहिलेलं; निघण्याआधी तिथे घाईत दाढी उरकली होती.

"माहं सामान घ्या नं," वसंतराव म्हणाले. "भावानं दुबईवून पाठवलं."

डबा दाबला की फस्सकन फेस. रेझर पिसासारखा हलका, त्याला दोन पाती, आणि मुंडी आपोआप वळणारी. म्हणजे हे होतं त्या गालाचं गुपित! कोणीही दिसेल असा. मी हावरटासारखा ओंजळभर फेस तोंडाला फासला.

आता माझी सवय सांगायला हवी. पंधरा वर्षं मी सकाळच्या बातम्या ऐकत, आरशाकडे न बघता दाढी करतो. माझा हात चालतो तो आवाजावर. खुंटावर पातं खर्र वाजतं, मिशीच्या कडेला आलं की आवाज जाड होतो, तिथे थांबायचं. पातळ साबणातून मिशी बोटालाही लागते. हा रेझर मात्र वाजतच नव्हता. त्या जाड फेसाखाली बोटाला काही लागेना. हात आपल्या चालीनं वर गेला. फेस धुतला, तेव्हा मिशीचा डावा भाग नव्हता.

उरलेला भाग काढण्यावाचून इलाज नव्हता. बाहेर आलो, तर चौकीदाराच्या हातातली बादली थबकली.

"साहेब, तुमचा बाप गेला का जी?"

माझे वडील पुण्यात ठणठणीत होते, आणि मी हे असलं तोंड घेऊन साठीच्या मंगल कार्याला निघालो होतो. बायको वडिलांची लाडकी सून. मला बघताच तिच्या काळजाचं पाणी होणार होतं, आणि ते झालं की टोमण्यांना तिला माझा मूर्खपणा आयुष्यभर पुरणार होता.

मला वाटलं, वसंतराव हसतील. हसले असते तर फार बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "चला, उशीर होऊन राह्यला."

वैनगंगा ओलांडली. मूलला चहासाठी थांबलो. मी उपरण्यानं तोंड झाकून जीपमध्येच बसलो. वसंतराव समोरच्या न्हाव्याकडे गेले आणि परत आले ते मिशीशिवाय. त्यांची मिशी म्हणजे दाट, टोकं वळवलेली.

"अहो, हे काऊन?" घाबरून माझ्याही तोंडून त्यांचीच भाषा निघाली.

"तुमी एकटे गेले तं तुमची बाई रडन. दोघं गेलो तं लोकं हासतीन. माहा बाप तं कवाच गेला, मले काय त्याचं?"

सिंदेवाहीच्या अंगणात बायकोनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा...?" ती एवढंच म्हणाली. तोवर वसंतराव पुढे झाले. "काई नाई झालं वं. आमी दोघांनी पैज लावली होती, दोघंबी हारलो!" अंगण हसलं. मामाजी तर डोळे पुसत हसले.

आणि मिशी गेल्यावर तो माणूस आणखीच देखणा दिसत होता! सासूबाई म्हणाल्या, "मोठे जवाई धा वर्सांनी लहान झाले." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी जेवता नं बराबर?"

परतीच्या गाडीत बायको बराच वेळ माझ्या उघड्या ओठाकडे बघत होती.

"पैज नव्हती," ती म्हणाली. "भाऊजी कधी पैज लावत नाईत."

मी सगळं सांगून टाकलं. सांगताना कळत होतं की गाल, डबा, दोन पाती, हे सगळं मी फुकटच मनावर घेतलं होतं. हेवा करायचा तर मूलच्या त्या न्हाव्यासमोर जाऊन बसण्याचा करायला हवा होता, आणि तो आता मी मनापासून करत होतो.

"तुमी काढली असती का त्यांच्यासाठी?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. पण तोवर एक स्टेशन मागे पडलं होतं.