विहीणबाईंबरोबर बारवी रस्त्यावर दहा किलोमीटर

पुष्पाजींनी आधी दोघींची नावं नोंदवली आणि मग मला सांगितलं. "बदलापूर में दौड़ है. दस किलोमीटर. अब पैसा भर दिया, तो आना पड़ेगा." मैदानावर तिसऱ्या फेरीनंतर मी वाकून श्वास घेत होते, त्यामुळे नाही म्हणायला छातीत हवाच नव्हती.

पुष्पाजी म्हणजे माझ्या विहीणबाई. वय साठ, उल्हासनगर कॅम्प पाचला नाइटगाऊनचं दुकान. मी अठ्ठावन्नची, शाळेतून निवृत्त, कॅम्प चारला राहते. माझ्या स्नेहलने त्यांच्या नीरजशी लग्न केलं, तेव्हा पुष्पाजी लग्नाला आल्या, पण जेवल्या नाहीत. ते सिंधी, आम्ही बौद्ध. यापुढे फार सांगायला नको. नंतरही कधी आमच्याकडे आल्या तर पर्समधून स्वतःची पाण्याची बाटली काढायच्या. आम्ही बघायचो आणि टीव्हीचा आवाज वाढवायचो. एकमेकींना काही सांगायचं असेल तर ते स्नेहलमार्फत जायचं.

मग पोरं नोकरीसाठी बेंगळुरूला गेली. पुष्पाजींचे मिस्टर गेले. मला साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता मी हळूहळू पळायला कधी लागले, ते माझं मलाच कळलं नाही. एका सकाळी मैदानाच्या कडेला पांढरे कॅनव्हासचे बूट घालून चालणारी एक बाई दिसली. पुष्पाजी. दोघींनाही दुसरीकडे बघता आलं असतं. त्यांनी विचारलं, "दौड़ने से घुटना नहीं जाता?" मी म्हटलं, "जातं तर नाही. दुखतं मात्र." त्या हसल्या आणि माझ्यामागे पळायला लागल्या. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही बरोबर पळत होतो. बोलणं व्हायचं ते गुडघ्यांवर, बुटांवर आणि मैदानावरच्या कुत्र्यांवर. बाकी विषय आम्ही बाजूला ठेवून पळायचो.

शर्यत रविवारी, पहाटे साडेपाचला हजेरी. उल्हासनगरहून निघून तेवढ्या लवकर पोचणं आमच्या वयाला झेपणारं नाही, म्हणून शनिवारीच बदलापूरला मुक्कामी जायचं ठरलं. माझा भाऊ मिलिंद तिथेच खरवईला राहतो. "भाई के घर? उनको तकलीफ होगी," पुष्पाजी म्हणाल्या. मला वाटलं, आता या कारण काढणार. पण शनिवारी दुपारी त्या पिशवी घेऊन रिक्षा स्टँडवर माझ्याआधी हजर होत्या.

पळणाऱ्यांचे नंबर अंबरनाथला पूर्वेच्या एका दुकानात मिळणार होते, म्हणून आम्ही थेट रिक्षा केली. शेअर रिक्षा स्वस्त पडते, पण पिशव्या असतील तर स्पेशल घ्या. नंबर घेतल्यावर हातात वेळ होता, तर शिवमंदिरात गेलो. कधी गेला नसाल तर संध्याकाळच्या उन्हात जा. दगडाचा रंग तेव्हा ताकातल्या भाकरीसारखा मऊ दिसतो. पुष्पाजी पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेल्या. मी बाहेर कोरीवकाम बघत बसले. दगडातल्या बायकांचे पाय सगळे मजबूत. त्या वर आल्या तेव्हा पायऱ्यांनी मांड्या भरून आल्या होत्या. "कल का वॉर्मअप हो गया," म्हणाल्या.

खरवईला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. मिलिंदच्या इमारतीमागे अजून शेतं आहेत. भात कापून झालेला, त्यात वाल पेरलेला. थंडी शहरापेक्षा जास्त, त्यामुळे स्वेटर न्यावाच. वहिनीने, रंजनाने, दार उघडलं. समोर बुद्धमूर्ती, तिच्यापुढे ताजी शेवंती, आणि टेबलावर पाण्याची एक सीलबंद बाटली. एकच. रंजनाला मी काही सांगितलं नव्हतं. पण घरातल्या बायकांना अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, आणि तिने ती बाटली रागाने नाही, पाहुणीची सोय म्हणून ठेवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुष्पाजींनी बाटली बघितली. बराच वेळ बघितली. मग त्या उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "भाभी, माठ का पानी है क्या? फ्रिज का मेरे गले को लगता है."

रंजनाने माठातून तांब्या भरला. पुष्पाजी तिथेच उभ्या राहून पेलाभर पाणी प्यायल्या आणि पेला पुन्हा पुढे केला. मिलिंद उगाचच रिक्षाच्या भाड्याबद्दल काहीतरी विचारत होता. मी उत्तर दिलं, काय दिलं ते आठवत नाही.

जेवायला भात, तुरीची आमटी, मेथीची भाजी आणि ज्वारीची भाकरी होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी असंच साधं, ओळखीचं खा. नवीन हॉटेल शोधायचा तो दिवस नव्हे. पुष्पाजींनी आमटी दोनदा घेतली आणि रंजनाला विचारलं, "इसमें क्या डाला है?" "काही नाही हो, घरचा काळा मसाला." "मेरे को थोड़ा बांध के देना." मी मात्र भाकरी मोडत बसले होते. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या खाली राग पण होता. एवढं सोपं होतं तर मग इतकी वर्षं का, असा.

सकाळी मिलिंदने आम्हाला गाडीने पश्चिमेला सोडलं. खरवई पूर्वेला आहे, रेल्वेचं फाटक ओलांडून जावं लागत नाही, पूल आहे, पण वेळ हातात ठेवून निघा. मैदानावर गाणी लागली होती आणि तरुण मुलं उड्या मारत होती. पुष्पाजींनी ट्रॅकपँटवर नेहमीचा लांब कुर्ता घातला होता, केसांना तेल. कोणीतरी फोटो मागितला, तर त्यांनी मला ओढून शेजारी उभं केलं. "ये मेरी समधन है," त्या मुलींना म्हणाल्या.

सुरुवातीचा रस्ता घरांमधून जातो. गॅलरीत चहाचे कप घेऊन उभी असलेली माणसं हात हलवतात. मग उल्हास नदीचा पूल येतो. पाण्यावर धुकं होतं आणि पुलाखालून कोणाच्या तरी म्हशी हळूहळू बाहेर पडत होत्या. पुढे बारवी धरणाकडे जाणारा रस्ता चढायला लागतो. चढ फार नाही, पण लांबत जातो. नवख्यांना एकच सांगेन: इथे जोर लावू नका, परतीसाठी राखा. मी राखला नाही. वळायच्या खुणेपर्यंत माझं छान चाललं होतं. पुष्पाजी बऱ्याच मागे राहिल्या होत्या, आणि आपण पुढे आहोत याचं मला बरं वाटत होतं.

परतीच्या वाटेवर उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी कळवळत रस्त्याकडेच्या मोरीवर बसले. लोक विचारत पुढे जात होते, मी हात हलवत होते. शेवटी पुष्पाजी आल्या. त्या थांबल्या, धापा टाकत खाली मातीत बसल्या आणि माझा बूट सोडायला लागल्या.

"पुष्पाजी, पायाला हात नका लावू."

"चुप बैठो. दिनभर दुकान में खड़ी रहती हूँ. मेरे को पता है नस कैसे उतरती है."

त्यांनी मोजा काढला, घामेजलेलं पाऊल मांडीवर घेतलं, बोटं माझ्याकडे दाबून धरली आणि अंगठ्याने पोटरी चोळायला लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखतंय म्हणून असं त्यांना वाटलं असेल, किंवा नसेलही. थोड्या वेळाने त्या मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "वो गए, तब से किसी का पाँव नहीं दबाया मैंने." आणि मग, "सुनीता, मैंने बहुत साल खराब किए ना."

'जाऊ द्या हो' म्हणायला मी तोंड उघडलं. आपल्याला तेच म्हणायची सवय असते. पण ते खरं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "खूप केले."

त्यांनी मान हलवली. हात थांबला नाही. मला आतून एकदम हलकं वाटलं. त्यांनी विचारलं आणि मी खरं सांगितलं, असं आमच्यात पहिल्यांदाच झालं होतं.

मग मागून रुग्णवाहिका आली. त्यातली मुलगी प्रेमाने म्हणाली, "आंटी, बसा ना आत. तुमच्यामागे आता कोणी नाही."

पुष्पाजींनी माझ्या बुटाची नाडी बांधली आणि मला हाताला धरून उठवलं. "बेटा, तू गाडी धीरे चला. हम लोग आगे आगे आते हैं."

अशा आम्ही पोचलो. थोडं चालत, थोडं पळत, मागे दिवा लावलेली रुग्णवाहिका, एखाद्या मंत्र्याच्या ताफ्यासारखी. कमान उतरवायला घेतलेली माणसं आम्हाला बघून थांबली. पदकं मिळाली, कांदेपोहे संपले होते, चहा होता. तो चहा मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात साखर कमी आणि पाणी जास्त होतं.

दुपारी मिलिंदने उल्हासनगरला सोडलं. माझ्या मिस्टरांनी पदक उजेडात धरून बघितलं आणि विचारलं, "कितवी आलीस?" "शेवटून पहिली. दोघी एकदम." ते हसले आणि गरम पाणी काढायला गेले.

लोक विचारतात, पळून काय मिळालं. साखर थोडी उतरली आहे. गुडघे आहेत तसेच. सगळं विसरले असंही नाही, काही गोष्टी मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि ते पुष्पाजींना ठाऊक आहे.

सोमवारी सकाळी मला पलंगावरून उठवेना. तेवढ्यात पुष्पाजींचा फोन आला. त्या दुकानाच्या जिन्यावर मधेच बसून होत्या, ना वर जाता येत होतं ना खाली. "गिऱ्हाईक नीचे खड़ा है, बोलता है मावशी, मैं ऊपर आऊँ क्या." मी पडल्या पडल्या इतकी हसले की पोटरी पुन्हा धरली. मग त्या नीरजच्या वडिलांबद्दल बोलायला लागल्या, ते शेवटी शेवटी किती हट्टी झाले होते ते. असं त्या मला कधी सांगत नसत. मधेच फोनवर स्नेहलचं नाव झळकलं. पोरीचा फोन मी आजवर कधी थांबवला नव्हता.

तो वाजू दिला. म्हटलं, "बोला तुम्ही, मी ऐकतेय."