घुंगरू बांधलेली घार

ती घटना आजही आठवते, आणि खरं सांगते, आठवली की मला आधी हसू येतं. पोलिसात उभी हयात गेली. तिथलं आठवून हसू यावं अशा गोष्टी थोड्याच, म्हणून ही जपून ठेवली आहे. नावं कुणाचीच लिहिणार नाही. माणसं तिथंच आहेत, आणि वाचणारी आहेत.

मी शिपाई म्हणून भरती झाले आणि खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले. शेवटची नेमणूक कडेगावच्या पलीकडं, जिथं ऊस मागं पडतो आणि द्राक्षाच्या बागा सुरू होतात, तिथल्या एका दूरक्षेत्रात. दूरक्षेत्र म्हणजे मोठ्या ठाण्याचं धाकटं भावंड. दोन खोल्या, एक हवालदार, एक शिपाई, दारात लिंबाचं झाड. सकाळी हजेरी, झाडलोट, रात्रगस्तीची डायरीत नोंद, मग चहा. चहाचा पहिला घोट घेतला की फोन वाजायचाच.

त्या दिवशी फोन गावच्या पोलीस पाटलांचा होता.

“मॅडम, गावात गडबड हाय.”

“मारामारी?”

“न्हाई. आभाळात घुंगरं वाजत्यात.”

“पाटील, सकाळी सकाळी?”

“आवं, मी सुपारीबी खात न्हाई! घारीएवढं कायतरी फिरतंय, त्याला घुंगरं हायत. माणसं तुमच्याकडंच निघाल्यात.”

माणसं आलीच. पुढं एक द्राक्ष बागायतदार, गळ्यात मफलर, आवाज असा की वायरलेसची गरज नाही. त्यानं माझ्या टेबलावर एक पितळी घुंगरू ठेवलं.

“हे बघा. आमच्या बागंत पडलं. डोस्क्यात पडलं आसतं म्हंजी? ड्रोन हाय मॅडम. चोर घरं हेरत्यात.”

त्या दिवसांत गावोगाव ड्रोनच्या अफवा होत्या. मी विचारलं, “कुणाच्या घरावरनं फिरतं?”

“घरावरनं... न्हाई तसं. बागंवरनं. सकाळचं ऊन पडलं की येतंय. आन् पाखरं अशी उठत्यात मॅडम, अशी उठत्यात!”

“आणि रात्री?”

“रात्री कशाला यील?”

आता बघा, चोराला भ्यालेला माणूस कुलपाबद्दल बोलतो, कुत्र्याबद्दल बोलतो, बायकोच्या दागिन्यांबद्दल बोलतो. हा गडी अर्धा तास पाखरांबद्दल बोलला. माणूस तक्रार एक घेऊन येतो आणि दुखणं दुसरंच असतं, हे ठाण्यात बसणाऱ्याला लवकर कळतं. मी तक्रारी अर्ज घेतला, घुंगरू पाकिटात घालून मुद्देमाल म्हणून ठेवलं आणि त्यांना वाटेला लावलं.

पण कारवाई करायची ती कशाखाली? ड्रोन काय आणि रिमोटचं विमान काय, मला त्यातलं काय कळतंय! जिल्ह्याला फोन केला, विचारून विचारून तिथल्या अधिकारी बाईंचं डोकं खाल्लं, आणि जेवढं समजलं तेवढं हवालदाराला समजावलं. रिमोटचं विमान घरच्या रानात उडवलं म्हणून लगेच गुन्हा होत नाही. अडीचशे ग्रॅमच्या आतलं, स्वतःपुरतं असेल तर नोंदणीची कटकट नाही, त्याच्या वर गेलं की नोंदणी आणि कागद. विमानतळाच्या आसपास नाही, नकाशावर मनाई असेल तिथं नाही. माणसांच्या डोक्यावरनं नाही, रस्त्यावरनं नाही, विजेच्या तारांजवळ नाही. डोळ्यांना दिसतंय तोवरच न्यायचं. आणि वरनं खाली काही पडता कामा नये.

“मग घुंगरू पडलं की,” हवालदार म्हणाला.

“म्हणून तर आपण चाललोय.”

गावात संशय एकावरच होता. फौजेतनं निवृत्त झालेले एक सुभेदार. वर्कशॉपात नोकरी काढलेला माणूस, गावातले पंखे, मोटारी, मिक्सर सगळे त्यांच्याच हातून जिवंत व्हायचे. रिमोटचं विमान करील तर तोच, असं सगळं गाव म्हणत होतं. मी त्यांना चौकशीला बोलावलं. आले. डोळ्यांवर काळा चष्मा, पाय जुळवून ताठ उभे.

“जय हिंद, मॅडम. इमान माझं. उडवणाराबी मीच. लिवून घ्या.”

मी पेनचं टोपणही काढलं नव्हतं. एवढ्या वर्षांत इतकी घाईची कबुली मी ऐकलेली नव्हती. माणूस स्वतःचा गुन्हा लपवताना वेळ काढतो. दुसऱ्याचा लपवताना घाई करतो.

“बसा सुभेदार. चष्मा कसला?”

“फ्याशन, मॅडम.”

हवालदाराला ठसका लागला. मी खिडकीबाहेर बोट केलं. तिथं तारेवर फाटका पतंग लोंबत होता.

“त्या तारेवर काय आहे?”

सुभेदारांनी मान उंच केली, इकडं केली, तिकडं केली. “साळुंकी हाय, मॅडम.”

“जोडीनं आहे का एकटीच?”

“जोडीनं.”

“मोतीबिंदू कधी काढला?”

सुभेदारांनी चष्मा नीट बसवला. मग हळूच म्हणाले, “एका डोळ्याचा काडलाय. दुसऱ्याचा हाय अजून. पण मॅडम, उडवतो मीच. मला आत टाका, काय टाकायचं ते.”

हातातली वस्तू दिसत होती, वाटेवरचं माणूस दिसत होतं, पण आभाळातली घार ह्या माणसाला दिसणं शक्य नव्हतं. म्हणजे विमान करणारे हात एकाचे, उडवणारे डोळे दुसऱ्याचे. आणि त्या दुसऱ्यासाठी सुभेदार तुरुंगात जायला तयार होते. मी त्यांना चहा पाजला आणि घरी पाठवलं. जास्त विचारलं असतं तर आणखी खोटं बोलले असते, आणि भल्या माणसाला खोटं बोलायला लावणं मला आवडत नाही.

मग मी गावात जबाब घ्यायला सुरुवात केली. पण त्याआधी एक सांगते. माझं माहेर लोणंदकडचं, ज्वारीचं रान. लहानपणी मी रानातल्या मचाणावर, आमच्याकडं त्याला माळा म्हणतात, त्यावर बसून गोफणीनं पाखरं राखली आहेत. राखणदार कधीही सूर्याकडं तोंड करून बसत नाही, डोळे दिपतात, पाखरू दिसत नाही. सूर्य पाठीशी घ्यायचा. सकाळी आभाळात काही सांभाळणारा माणूस, मग तो पाखरं सांभाळो नाहीतर विमान, पूर्वेच्या बाजूलाच उभा राहणार. म्हणून मी सगळ्यांना एकच विचारलं, “सकाळी पूर्वेच्या बांधावर कोण असतं?”

पोलीस पाटील म्हणाले, “कोण नसतंय मॅडम. सुभेदाराची मावशी तेवढी आसती.” सुभेदारांच्या बायकोला सगळं गाव मावशी म्हणायचं.

पंपावरनं रानाला पाणी धरणारा म्हणाला, “कोणच न्हाई. मावशी आसत्यात, देवाला हात जोडत्यात.”

आमचे तक्रारदार तर चिडलेच. “तिथं कोण आसतं तर धरलं नसतं का आमी? म्हातारी तेवढी उभी आसती आभाळाकडं बघत!”

तिघांनी मावशींना पाहिलं होतं आणि तिघांनी माणसांत धरलं नव्हतं. मला मनातनं गुदगुल्या झाल्या. मीही साध्या लुगड्यात बाजारातनं फिरून कितीतरी चोर धरले आहेत, ते ह्याच एका गोष्टीवर. वयाच्या बाईला कोणी मोजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदाराला घेऊन सुभेदारांच्या वस्तीवर गेले. गोठ्याच्या खुंटीला बैलाची जुनी घुंगुरमाळ होती, आणि तिच्यातली बरीच घुंगरं नव्हती. खिशातलं पाकीट काढून मी आतलं घुंगरू माळेशी धरून पाहिलं. बहीण बहिणीशेजारी बसावी तसं बसलं.

बांधावर मावशी उभ्या होत्या. पाठीला सूर्य, तोंडाला वारा, पदर अंगभर, दोन्ही हात पदराखाली. वर घार. पण काय घार! थर्माकोलची, पंख तपकिरी रंगवलेले, शेपटी फाकलेली. बागेच्या टोकाला गिरकी घेतली, मोटारीचा आवाज बंद झाला आणि नुसती तरंगत, घुंगरं वाजवत खाली आली. मांडवातनं साळुंक्या, बुलबुल, पोपट भर्रकन उठले आणि सगळी फौज शेजारच्या बागेत जाऊन उतरली. शेजारची बाग कुणाची, हे मी विचारलंच नाही.

“मावशी,” मी हाक मारली.

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. “थांबा वाईच बाई. आदी उतरवती. वर आसताना बोलायचं नसतंय.”

घार वाऱ्याकडं तोंड करून आली आणि रिकाम्या पट्टीवर अलगद टेकली. मग पदर बाजूला झाला आणि खालनं रिमोट निघाला. हवालदारानं नकळत टाळी वाजवली. मी त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा तो हात खिशात घालून उभा राहिला.

“शिकिवलं ह्यांनीच,” मावशी सांगू लागल्या. “पयलं इमान शेवग्यात अडाकलं, दुसरं शेणाच्या खड्ड्यात गेलं. ह्ये तिसरं. जाळी वाऱ्यानं फाटली, मालात साखर भरली, आन् पाखरं पंगतीला बसल्यावानी बसली. व्यापारी येऊस्तर राखायला नगं?”

“मग पदराखाली का?”

“म्हातारी खेळणं खेळतीया म्हनतील की लोकं! सुनंच्या म्हायेरची माणसं ह्याच वाटंनं जात्यात.”

“आणि घुंगरं?”

“पाखरं शाणी झाली. नुसत्या घारीला भिईनात.”

तेवढ्यात सुभेदार काठी टेकत आले. “घुंगरं? तू बांधलीस? तरी म्हणलं, इमान नाक खाली का टाकतंय! मी रोज बॅटरी मागं सरकवतोय आन् ही पुढं घुंगरं बांधतीया!”

त्यांचं भांडण रंगात यायला आणि आमचे मफलरवाले यायला एक गाठ पडली. मागं आणखी चारजण.

“घावली! मॅडम, जप्त करा!”

मावशींचा चेहरा उतरला. “बाई, दंड करा मला. पण माल तुटंस्तर घार नगा नेऊ. सालभराचं हाय ह्ये.”

बागेतले घड मी पाहत होते. पिवळसर, टच्च भरलेले. जप्त केलं तर पाखरं आठवड्यात बाग झोडपणार. नाही केलं तर नियम कशाला आहेत? मी म्हटलं, “काटा आणा.”

तक्रारदारांच्याच शेडमधला काटा आला. दोन पंच उभे केले. घार काट्यावर ठेवली आणि आकडा अडीचशेच्या वर गेला. मफलर खूश. मावशींनी डोळे मिटले.

“मॅडम,” सुभेदार म्हणाले, “माझ्या हातनं जड इमान गेलेलं न्हाई. घुंगरं काडा.”

मावशींनी एकेक घुंगरू सोडवलं. आकडा खाली आला, आणखी आला, आणि शेवटचं घुंगरू निघालं तेव्हा अडीचशेच्या आत येऊन थांबला. हवालदार “बसलं!” म्हणून ओरडला. पंचनाम्यात ते लिहिता आलं नाही.

मी दोघांनाही सोडलं असं समजू नका. घुंगरांसकट उडवलं ही चूकच, आणि पितळ कुणाच्या डोळ्यात गेलं असतं तर हसायची गोष्ट राहिली नसती. लेखी समज दिली. काही लोंबतं बांधायचं नाही, विमानावर नाव आणि नंबर लिहायचा, बॅटरी चार्जिंगला लावून बाजारला जायचं नाही, आणि आपल्या बांधाच्या पलीकडं शेजाऱ्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही.

“म्हंजी आमच्यात येणार न्हाई?” तक्रारदारांनी विचारलं.

“नाही. आता तुमची तक्रार मिटली.”

“मिटली कशी? पाखरं येत्यात की! हिकडनं हाकाललेली सगळी आमच्यात!”

झालं, दुखणं बाहेर आलं. चोर नाही, हेरगिरी नाही. माळ्यावर बसायचे तेव्हाही हेच. मी गोफण मारली की पाखरं शेजारच्या रानात, शेजाऱ्यानं मारली की माझ्या.

“मग काय करू या?” मी साळसूदपणे विचारलं.

गडी मफलर सोडू लागला, परत बांधू लागला. शेवटी आभाळाकडं बघत बोलला, “मी काय म्हणतो... आमच्याबी बागंवरनं एक फेरी मारली तर माझी काय हरकत न्हाई.”

मावशींनी घार उचलून पदरानं पुसली. “हरकत न्हाई व्हय? ड्रोन म्हनालास, चोर म्हनालास. आदी माझ्या घारीची माफी माग.”

“आवं मावशी, लोकं बघत्यात.”

“बघू देत. मी बघत नव्हती का इतकी वर्सं लोकास्नी?”

त्यानं हात जोडले. थर्माकोलच्या घारीला! सगळा बांध हसला, तोही हसला. लगेच मागचे चारही पुढं आले, “मग आमच्यावरनंबी!” मी तिथंच सगळ्यांच्या परवानग्या लिहून घेतल्या. बांध बदलत एकेका बागेवरनं मावशी घार फिरवायच्या, खाली कुणी काम करत नाही ना हे आधी बघायच्या, आणि पाखरं शेवटी गावच्या डोंगराकडं निघून जायची. पदराखाली हात ठेवायचं त्यांनी बंद केलं. सुनेच्या माहेरचे थांबून बघायचे, आणि म्हणे चहाला बसायचे.

माल तुटल्यावर दूरक्षेत्रात द्राक्षांची पेटी आली. मी परत पाठवली. कागद मिटलेला असला तरी घेता येत नाही. मावशींनी निरोप धाडला, “मग रिटायर झाल्यावर या. तवा कोण इचारतंय?”

निवृत्त झाले आणि हंगामात गेले. पोटभर द्राक्षं खाल्ली. सुभेदारांचे दोन्ही डोळे आता लख्ख आहेत, पण घार अजून मावशीच उडवतात. “ह्यांचा हात कडक हाय,” म्हणतात. त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला आणि मी पहिल्याच फेरीत घार शेवग्याकडं नेली. मावशींनी वेळेत माझा अंगठा दाबला म्हणून वाचली.

ह्या प्रकरणानं मला काय शिकवलं? तपासात कोणी “तिथं कोण नव्हतं” म्हणालं, की त्यानंतर जी व्यक्ती सहज सांगितली जाते, तिला आधी जाऊन भेटावं. नव्यानं भरती झालेल्या मुली भेटायला येतात, त्यांना मी हेच सांगते.

द्राक्षं खायला गेले त्या दिवशी मावशी आणि मी सूर्याला पाठ देऊन बांधावर उभ्या होतो, घार समोर बागेवरनं सरकत होती. वाटेवर एक परगावचा व्यापारी गाडी थांबवून फोनवर मोठमोठ्यानं बोलत होता, “आरं, ह्या गावात पाखरूच न्हाई बागंत! कायतरी घारीवानी उडतंय बघ वरनं... कोण उडवतंय काय म्हाईत. न्हाई रं गड्या, बांधावर कोण न्हाई. दोन म्हाताऱ्या तेवढ्या उभ्या हायत.”

मावशींनी माझ्याकडं बघितलं, मी मावशींकडं. मग त्यांनी त्याच्या गाडीपासनं दूर, आपल्याच बागेवर, घारीला एक झोकदार गिरकी मारली.