हसनने न काढलेली चूक

नसीमाचा फोन आला तेव्हा मी खेडला पुतणीकडे होतो. "सर, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मिळेल ती पहिली एसटी धरली, पण दुपारच्या नमाजानंतर लगेच दफन होतं. मी रत्नागिरीत उतरून पोहोचेपर्यंत माणसं कब्रस्तानातून परतू लागली होती. तीस वर्षांची मैत्री असलेल्या हसनचं तोंड शेवटचं म्हणून बघायला मिळालं नाही. खरं सांगायचं तर त्याआधीचे तीन महिनेही मी ते फारसं पाहिलं नव्हतं, आणि त्यात एसटीचा काही दोष नाही.

हसन मालवाहू जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम होता. अर्धं आयुष्य पाण्यावर काढून तो घरी परतला, तेव्हा त्याची मुलगी नसीमा पावसजवळच्या आमच्या शाळेत माझ्या वर्गात होती. मी इतिहास शिकवायचो. आरमाराचा धडा आला की माझ्या अंगात यायचं... एकदा त्या भरात मी ऐन आषाढात गलबतं लढाईला काढली. पोरीनं घरी जाऊन सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी हा दारात हजर. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही चुकलाव म्हणून सांगाया नाय आलो. आषाढात एकदा माझ्यासंगती किनाऱ्यावर चला, मग तुम्हीच काय ते ठरवा." गेलो. तासभर लाटा बघितल्या. तो एक शब्द बोलला नाही, मीही नाही, आणि पुढच्या वर्षीपासून माझी गलबतं नारळी पौर्णिमेनंतरच निघू लागली. ही त्याची रीत होती. चूक तोंडाने काढायची नाही, माणसाला चुकीच्या समोर नेऊन उभं करायचं आणि गप्प राहायचं.

गुरुजीचा मास्तर झालो, तुम्हीचा तू झालो. संध्याकाळी तो माझ्या पडवीत यायचा. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की त्यांचा मूळपुरुष राजांच्या आरमारात, किल्ल्यावरच्या तोफेवर गोलंदाज होता. कागदपत्र काही नाही, पण हसन ते अशा थाटात सांगायचा, जणू परवाच त्याला जेवण पोचवून आलाय. "तुझा पूर्वज तवा काय करत व्हता रे मास्तर?" मी म्हणायचो, पोथी वाचत असेल. "म्हंजे तवापन बसूनच!"

म्हणूनच राजांवरच्या त्या चित्रपटाची जाहिरात लागली तेव्हा माझ्याहून त्यालाच जास्त घाई. "आरमार दाखवलंय म्हणतात. आपन पहिल्याच आठवड्यात जायाचं." इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. थिएटर शिट्ट्यांनी आणि घोषणांनी दणाणत होतं. पडद्यावर आपल्या बाजूचा प्रत्येक माणूस धुपाच्या धुरात, आणि शत्रूचा प्रत्येक माणूस हिरव्या पडद्याआड, डोळ्यांत सुरमा, हातात मांसाचा तुकडा, विनाकारण गडगडाटी हसणारा. कथा अशी काही नव्हतीच. भाषण, लढाई, पुन्हा भाषण. कोकणातला म्हणून जो एक होडीवाला होता, तो ताडी पिऊन पाण्यात पडायचा आणि लोक खदाखदा हसायचे. आणि किल्ल्याचा दरवाजा आतून कोणी उघडला? तोफेवरच्या गोलंदाजाने. दाढीवाल्या. मोहरांच्या थैलीसाठी. त्या क्षणी मागच्या रांगेतून जी शिवी आली, ती एकट्या गोलंदाजाला नव्हती... मी समोर बघत राहिलो. शेजारी हसनही समोर बघत होता.

बाहेर पडताना माझा एक जुना विद्यार्थी भेटला, आता चांगला चाळिशीचा. डोळे भरून आले होते त्याचे. "सर, बघितलंत ना ह्यांची जात?" म्हणाला. मग त्याचं लक्ष हसनकडे गेलं. "काका, तुमच्याबद्दल नाय हां! तुम्ही आपले." आणि मी हसलो. प्रसंग निभावून न्यावा म्हणून माणूस हसतो तसा. हसन "व्हय, व्हय" म्हणाला आणि रिक्षा बघायला पुढे गेला. ते हसू मला अजून छळतं. वर्गात पोरांवर ओरडताना माझा आवाज चार खोल्यांपलीकडे जायचा, त्या माझ्या तोंडून तिथे एक वाक्य निघालं नाही.

दोन दिवसांनी तो पडवीत आला तो चुकांची उजळणी करूनच. "शीड हिकडं फुगलंय नि निशाण तिकडं फडफडतंय. वारे दोन व्हते काय?" शेवटच्या लढाईत पुनवेच्या भर दुपारी समुद्र ओसरतो आणि फौज चालत किल्ल्यावर जाते. "पुनवेला दुपारची भरती असते. पवत गेले काय?" मी पोट धरून हसलो. गोलंदाजाबद्दल तो काही बोलला नाही. "तू पेपरात लिवतोस ना, लिव की ह्याच्यावर," म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी लिहिलं. चांगलं झणझणीत लिहिलं. वारा, भरती, शीड, निशाण, सगळं घेतलं. शिवाय कोकणी माणसाला दरवेळी विदूषक का करता, असा खडा सवालही विचारला. आमची बदनामी झाली म्हणून लेखणी कशी तरारली होती! हसनचं घर माझ्या घराहून जुनं, तोही कोकणीच, हे तेव्हा लेखणीला आठवलं नाही. आठवलं, पण कोण काय म्हणेल, संपादक छापतील का, जुने विद्यार्थी तोंड फिरवतील का, असले हिशेब त्याच्या आधी आठवले. लेख आल्यावर हसनने तो माझ्यासमोर बसून सावकाश वाचला. घडी घातली. "भरतीचं बरोबर लिवलंस," म्हणाला. घडी पुन्हा उघडली... "आनि?" मी म्हटलं, "आणि काय? पुरवणीत जागा किती देतात तुला माहीत नाही." हे खोटं होतं. लेखाखाली बोटभर रुंद कोरी जागा सुटलेली आम्हा दोघांनाही दिसत होती.

त्यानंतर त्याचं येणं कमी झालं. गुडघा दुखतो, म्हणायचा. मीही ते मानून घेतलं, कारण सोयीचं होतं. त्याच्या घरी चालत जायला मला दहा मिनिटं लागतात, आणि माझे गुडघे उत्तम आहेत. तीन महिन्यांत मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा आंब्याच्या मोहोरावर बोललो. मग एका पहाटे त्याच्या छातीत दुखलं आणि संपलं.

गेल्या आठवड्यात नसीमाला भेटायला गेलो. ती आता स्वतः शिक्षिका आहे, मिरजोळ्याला राहते, पण अम्मीजवळ म्हणून सध्या इथेच आहे. हसनच्या खोलीत खिडकीशी त्याची आरामखुर्ची आहे. मला तिथे बसवलं, चहा दिला. मग म्हणाली, "सर, एक विचारू? तो लेख आला तेव्हा मी अब्बांशी खूप भांडले. म्हटलं, तुमच्या मास्तरांना गोलंदाज दिसला नाही का? तर ते म्हणाले, अगं, त्याचा मोतीबिंदू वाढलाय. अंधारात त्याला नीट दिसत नाय, उगाच त्याला काय बोलू नको. शेवटपर्यंत हेच म्हणत होते. खरंच का, सर?"

मी कप खाली ठेवला. "नाही," म्हणालो. "मला सगळं दिसलं होतं."

पुढचं मी तिला सांगू शकलो नाही, ते इथे लिहितो. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या चित्रपटाच्या दोन महिने आधीच झालं होतं. घरात मी एकटा, म्हणून महिनाभर सकाळ-संध्याकाळ माझ्या डोळ्यांत थेंब घालायला हसनच येत होता.